पायी जाणं अन् गाडीनं येणं : दिंडीच्या भाड्याची हकीकत

 

शताब्दीच्या पुस्तकात तुम्हीबी काही लिहा असं मंडळींनी सांगितलं, तेव्हा मी विचारलं, कशावर लिहू? दिंडीची स्थापना, मुक्कामाची गावं, पहिले विणेकरी, हे सारं दुसऱ्यांनी लिहिलं आहे अन् माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं आहे. मी चौथी शिकलेला माणूस. वावर आणि कीर्तन, या दोनच गोष्टी मला येतात. मग ठरवलं, ज्याच्यावर कोणीच लिहिणार नाही त्याच्यावर लिहू. ते म्हणजे भाडं. हसू नका. दिंडीच्या जुन्या म्हाताऱ्यांजवळ दोन घटका बसा, मुक्कामाच्या गोष्टी चार सांगतील अन् तिकिटाच्या सहा सांगतील.

दिंडी जाते पायी. जायला तिकीट लागत नाही, चपला लागतात. पण तीन माणसांना भाडं लागतंच. एक, जो पायी गेला पण ज्याला लवकर परत यायचं आहे. दोन, ज्याचे गुडघे गेले, वय झालं, पण एकादशीला पंढरपुरात असलंच पाहिजे असं ज्याला वाटतं. आणि तीन, आपल्या गावची लेक, जी पुण्या-मुंबईला, खांडव्याला, कुठं कुठं दिली आहे, अन् जिला वर्षातून एकदा माहेरची दिंडी डोळ्यानं पाहायची असते. या तिसऱ्या माणसासाठी स्वस्त भाडं शोधणं हे आपल्या दिंडीत पहिल्यापासून सेवेसारखंच काम आहे. टाळ वाजवणाऱ्याचं नाव होते, तिकीट शोधणाऱ्याचं होत नाही, एवढाच फरक.

लवकर परत यायची घाई कशाची, ते शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. मृग लागतो ७ जूनच्या सुमारास. आषाढी येते जूनच्या अखेरीपासून जुलैच्या शेवटापर्यंत केव्हाही. आपल्या वाशीमकडून पंढरपूर रस्त्यानं चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुक्काम धरून वीस-पंचवीस दिवसांची वाट. दिंडी निघते तेव्हा नेमकी पेरणी तोंडावर असते. आता सोयाबीन आहे, माझ्या लहानपणी ज्वारी, कपाशी, तूर, उडीद-मूग. पीक बदललं, पंचाईत तीच राहिली. म्हणून आपल्याकडे घरटी वाटणी असायची. एक भाऊ वारीला, एक भाऊ तिफणीला. एकादशीचा उपास सुटला, काला झाला, की वारीवाल्या भावाचं मन डवरणीत. तण काही पांडुरंगाला विचारून वाढत नाही. जाताना पंचवीस दिवस लागले तर येताना दोन दिवसांत यावं लागे. तिथं भाड्याचा हिशेब सुरू होई.

माझा आजा दिंडीच्या सुरुवातीच्या माणसांत होता. त्याच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. तेव्हा वाशीमला रेल्वे नव्हती. जवळचं मोठं टेसन अकोला. मालेगाव, मेडशी, मग पातूरचा घाट उतरून अकोला, बैलगाडीनं वाटेत मुक्काम करत जावं लागे. अकोल्याला जीआयपी कंपनीची गाडी. तिच्यात बसून भुसावळवरून मनमाड. मनमाडला उतरून दौंडची गाडी. हा मनमाड-दौंड रस्ता जुना आहे, १८७८ सालचा. दौंडला उतरून सोलापूरकडची गाडी धरायची अन् कुर्डुवाडीला उतरायचं. कुर्डुवाडीला पंढरपूरची छोटी गाडी. म्हणजे चार गाड्या अन् तीनदा गाठोडं डोक्यावर. पायी जाणाऱ्याला जेवढं चालावं लागत नाही तेवढं फलाटावर चालावं लागे, असं आजा म्हणायचा. तो थोडं वाढवून सांगायचा, पण खोटं नाही.

त्या छोट्या गाडीचं नाव बार्शी लाईट. पुष्कळ नव्या पोरांना माहीत नाही म्हणून लिहितो. विलायतेतल्या कंपनीनं ती काढली. कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनीयर होता. रूळ अडीच फुटाचे. १८९७ साली ती कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली. कुर्डुवाडीच्या टेसनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. पंढरपूरपर्यंत ती आली १९०६ साली, पुढे लातूरपर्यंत १९११ ला अन् मिरजेपर्यंत १९२७ ला. १९०६ च्या आधी कुर्डुवाडीहून पंढरपूर बैलगाडीनं नाहीतर पायीच. आपली दिंडी निघाली तेव्हा बार्शी लाईट होतीच, म्हणून आपल्या दिंडीच्या परतीच्या सगळ्या जुन्या गोष्टीत ती आहे. यात्रेच्या गर्दीला डबे पुरत नसत, मग मालाच्या डब्यात माणसं बसवत. आजा म्हणे, वर झाकण, खाली लोखंड अन् मधात आपण, भुईमुगाच्या शेंगेतल्या दाण्यावाणी.

तेव्हा पटकीची साथ हे मोठं भय. साथीच्या साली सरकार पंढरपूरचं तिकीट देणं बंद करी. मग लोक अलीकडच्या टेसनाचं तिकीट काढत अन् उरलेलं पायी तोडत. यात पैसे वाचत हा एक फायदाच झाला, असं आजाचं मत होतं. त्याच्या पिढीला चालणं म्हणजे खर्चच वाटत नव्हता.

आपल्या भागाला आणखी एक वाट होती, ती म्हणजे हिंगोली. पण हिंगोली तेव्हा मोगलाईत, निजामाच्या राज्यात. हिंगोली ते पूर्णा रेल्वे १९१२ पासून होती. रिसोड-वाशीमच्या लोकांना हिंगोली अकोल्यापेक्षा जवळ. पण मोगलाईत हाली रुपया चाले. आपला इंग्रजी रुपया तिथं मोडायचा तर वटावाची भानगड. त्यामुळं कोणत्या टेसनाहून स्वस्त पडते याची चर्चा पारावर दोन-दोन दिवस चाले. एक जण म्हणे अकोला, दुसरा म्हणे हिंगोली, अन् तिसरा म्हणे तुमची चर्चा होईपर्यंत मी पायी पोचलो असतो. कारंजाकडच्या मंडळीला मात्र घरबसल्या गाडी. यवतमाळ-दारव्हा-कारंजा-मूर्तिजापूर ही छोटी गाडी, तिला पुढं सगळे शकुंतला म्हणू लागले. तिच्यातून मूर्तिजापूरला उतरलं की जीआयपीचा मोठा रस्ता. आता ती बंद आहे. कारंजाचे जुने लोक अजून तिच्या वेळेवर चहा पितात असं ऐकतो.

वाशीमला गाडी आली स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या आसपास, खांडवा-अकोला-हिंगोली ही मीटरगेज. मी त्याच सुमाराचा. म्हणजे मी अन् वाशीमचं टेसन एकाच वयाचे, फक्त त्याची दोनदा डागडुजी झाली, माझी नाही. कोळशाचं इंजिन मी पाह्यलं आहे. पांढरं धोतर घालून खिडकीपाशी बसलं की उतरेपर्यंत त्याचा रंग गाडीचा होई. मीनाक्षी एक्सप्रेस याच रस्त्यानं काचीगुड्याहून राजस्थानात जायची. ती आपल्या उपयोगाची नव्हती, पण तिचं नाव घेतलं की टेसनाला वजन येई. उपयोगाची होती ती पॅसेंजर. खांडव्याकडे दिलेल्या लेकींना तर या गाडीनं माहेर जवळ केलं. एका तिकिटात वाशीम. २०१७ च्या सुरुवातीला अकोला-खांडवा मीटरगेज बंद झाली, मोठे रूळ टाकायचे म्हणून. अकोटपर्यंत गाडी आली, पुढचं काम अजून आहे. तोवर त्या बाजूच्या लेकीला भुसावळचा फेरा आहे.

१९७४ साली रेल्वेनं थर्ड क्लास काढून टाकला. म्हणजे थर्ड क्लास हा शब्द काढला, त्याला सेकंड म्हणू लागले. बाकडं तेच होतं.

एसटीचं थोडक्यात सांगतो. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली, हे सगळ्यांना माहीत आहे. आपण वऱ्हाडवाले तेव्हा मध्य प्रांतात होतो, त्यामुळं ती आपली नव्हती. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो अन् पुढं हळूहळू लाल गाडी गावागावात दिसू लागली. यात्रेच्या जादा गाड्या सुरू झाल्या अन् चार गाड्या बदलायची कटकट गेली. पण एसटी रेल्वेपेक्षा महाग होती, अन् आजही आहे. ज्याच्याजवळ पैसा थोडा त्याला रेल्वे, ज्याच्याजवळ वेळ थोडा त्याला एसटी. अन् ज्याच्याजवळ दोन्ही नाही त्याला मालट्रक. हो, मालट्रक. पंढरपूरहून रिकामा परत येणारा ट्रक सापडला की वीस-पंचवीस माणसं मागं चढत. मी स्वतः दोन-तीनदा तसा आलो आहे. भाडं नावाला, पण बीडच्या पुढं पावसात ताडपत्री उडाली की सगळं भजन थंडीत बसे. कोणी आज असं येऊ नये. उलटलेल्या ट्रकांच्या बातम्या आपण दर साली वाचतो.

आता माझ्या मोठ्या बाईची गोष्ट. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिला मुंबईला दिली, भाटवे परळच्या बाजूला गिरणीत. लग्नानंतर दर आषाढीला ती मुंबईहून पंढरपूरला यायची अन् दिंडीच्या राहुटीत दोन रात्री राहायची. माहेराला यायला तिला सवड नव्हती, म्हणून माहेरच तिच्याकडे निम्म्या वाटेवर जायचं असं म्हणा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप लागला. दत्ता सामंतांचा संप. अडीच लाखाच्या आसपास कामगार घरी बसले. भाटव्यांचा पगार बंद. मे महिन्यात बाईचं पत्र आलं, यंदा दिंडीला येणं होत नाही, भाड्याला पैसे नाहीत, मायले सांगू नका.

पत्र मीच वाचून दाखवलं. वडिलांनी ते मायला सांगितलं नाही, पण दिंडीच्या मंडळीला सांगितलं. तेव्हाचे आपले कोठीवाले बाबा हिशेबात पक्के. ते म्हणाले, "पोरीले मनीआर्डर करू नका, पैसे पोचले की घरातच खर्च होतात. तिच्या घरी दाणे नसतीन तं ती तिकीट काढन का? भाडं कमी करा, अन् बाकीचं आपुन तिले पंढरपुरात देऊ." मग भाडं कमी कसं करायचं याचा विचार बसला. एक्सप्रेसपेक्षा पॅसेंजरचं भाडं कमी असतं. एक दिवस जास्त लागतो, पण पैसे वाचतात. अन् तिकीट तुकड्या-तुकड्यानं काढायचं नाही, एकदाच लांबचं काढायचं. रेल्वेचं भाडं असं असतं की अंतर वाढलं तसा दर किलोमीटरचा पैसा कमी होत जातो. तीन तिकिटं घेतली की तिन्ही वेळा सुरुवातीचा महाग दर भरावा लागतो. हे त्या अडाणी म्हाताऱ्याला कसं माहीत होतं मला माहीत नाही. बहुतेक तीस वर्षांच्या वाऱ्यांत खिडकीवरच्या बाबूला विचारून विचारून कळलं असावं. तसं उत्तर गेलं. बाई आली. धाकट्या पोराला घेऊन, पॅसेंजरी बदलत बदलत, अंगावर कोळशाची बुकटी घेऊन आली. तिचं परतीचं तिकीट कोठीतून निघालं. कोणी पावशेर, कोणी अच्छेर ज्वारी कोठीत जास्त घातली, बस. त्या साली मायला संपाचं कळलं ते पंढरपुरात, बाईच्या हातात बांगड्या नव्हत्या त्यावरून.

या बाईच्या आयुष्यात सगळी सवलत येऊन गेली, म्हणून तिचंच उदाहरण पुढं चालवतो. सवलत बंद होण्याआधी रेल्वेत अठ्ठावन्न पूर्ण झालेल्या बायांना निम्मं तिकीट होतं, बाप्यांना साठच्या पुढं शंभरात चाळीस माफ. कैक वर्षं तिनं निम्म्यात प्रवास केला. त्याआधीच, २००८ साली, मोठी गोष्ट घडली. अकोला-पूर्णा रस्ता मोठा झाला, अन् तिकडं लातूर-कुर्डुवाडीही मोठी झाली. कुर्डुवाडी-पंढरपूर २००१ ला झालीच होती. म्हणजे वाशीम ते पंढरपूर एकाच मापाचे रूळ, हे पहिल्यांदा २००८ साली झालं. माझा आजा तीनदा गाठोडं उचलायचा, त्यातलं कुर्डुवाडीचं ओझं मापातल्या फरकानं होतं. बार्शी लाईट गेली याचं वाईट वाटणारे पुष्कळ आहेत. मला वाटत नाही. तिच्यात बसून पाहा म्हणावं.

मार्च २०२० ला करोना आला अन् रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत बंद केली. लोकांनी विनाकारण फिरू नये म्हणून बंद केली असं सांगितलं. करोना गेला, वारी पुन्हा सुरू झाली, सवलत मात्र परत आली नाही. हे लिहीपर्यंत तरी नाही. साठ वर्षांचा वारकरी रेल्वेत पूर्ण भाडं भरतो. त्याला विमानात नाही, जनरल डब्यात उभं राहायचं असते. या गोष्टीवर दिल्लीत कोणी विचार केला तर बरं होईल, एवढंच लिहितो.

एसटीनं उलट केलं. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना राज्यात प्रवास फुकट. पासष्ट ते पंचाहत्तर निम्मं. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायांना, वय कितीही असो, निम्मं. बाई यंदा पंचाहत्तरीत आली. मला फोनवर म्हणे, "आता मी फुकट माहेराले येईन, पण माह्यासंगं कोन येईन?" सोबत येणाऱ्या पोराला पूर्ण भाडं आहे ना. जानेवारी २०२५ ला एसटीचं भाडं जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढलं आहे. साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्याला ८ रुपये ७० पैसे होते, ते १० रुपये ५ पैसे झाले.

आता पाहुणा बोलावताना हिशेब कसा करायचा ते सांगतो, कारण दिंडीत दरवर्षी हाच प्रश्न दहा घरचे विचारतात. समजा पुण्याहून पाच माणसं यायची आहेत. चाळीस वर्षांचा पुतण्या, त्याची बायको, शहात्तर वर्षांची माय, सात वर्षांचं एक लेकरू अन् चार वर्षांचं एक. एसटीत पुतण्याचं एक, बायकोचं अर्धं, मायचं शून्य, मोठ्या लेकराचं अर्धं, लहानाचं शून्य. माणसं पाच अन् तिकिटं दोन. रेल्वेच्या जनरलमध्ये पुतण्याचं एक, बायकोचं एक, मायचं एक, मोठ्या लेकराचं अर्धं. साडेतीन तिकिटं. ऐकणारा लगेच म्हणतो, एसटी स्वस्त! थांबा. रेल्वेच्या जनरलचं भाडं एसटीच्या अर्ध्या तिकिटापेक्षाही पुष्कळ कमी असतं. साडेतीन तिकिटं मिळूनही ती एसटीच्या दोन तिकिटांपेक्षा कमीच होतात. मग रेल्वे स्वस्त? अजून थांबा. गाडी टेसनात रात्री दोनला आली तर गावापर्यंत ऑटो किती घेईल? माय जनरलमध्ये बसेल का? जागा आरक्षित केली तर किती वाढतात? कोठीवाले बाबा म्हणायचे, "तिकीट नोको मोजू, घर ते घर मोज." एकटं, हातपाय धड असलेलं माणूस असेल तर रेल्वे. म्हातारी माय असेल अन् गावातूनच एसटी सुटत असेल तर एसटी. माझा अनुभव असा आहे. कोणाचा वेगळा असू शकतो.

रेल्वेनं यायचं तर एक गाडी ध्यानात ठेवा. अमरावती-पुणे ही गाडी अकोला, वाशीम, हिंगोली, पूर्णा, परभणी, परळी, लातूर करत कुर्डुवाडीवरून पुण्याला जाते. रोज नाही, आठवड्यातल्या मोजक्या दिवशी आहे. पण पुण्याची लेक वाशीमला येणार असेल, किंवा वाशीमचा म्हातारा कुर्डुवाडीला उतरणार असेल, तर मधात बदलावं लागत नाही. आषाढीला अमरावती आणि खामगावहून पंढरपूरच्या खास गाड्या सुटतात, त्यातल्या अमरावतीच्या अकोल्याला सापडतात. त्या भुसावळ-मनमाड-दौंड अशा जातात, म्हणजे माझ्या आजाचाच रस्ता, फक्त गाठोडं न उचलता. आरक्षण पूर्वी चार महिने आधी मिळे. १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी मिळते. २०२५ ची आषाढी ६ जुलैला, म्हणजे त्या दिवसाच्या गाडीचं आरक्षण ७ मेला उघडलं. पंचांग वर्षभर आधी घरात असते, त्यामुळं तारीख माहीत नव्हती असं कोणी म्हणू शकत नाही. कॅलेंडरवर आषाढीला गोल करता तसा त्याच्या साठ दिवस आधीच्या तारखेलाही करा. आपला एक नातू मोबाईलवर तिकीट काढतो, ती घंटाभराची सेवा हरिपाठाइतकीच मोलाची आहे असं मी कीर्तनातसुद्धा सांगतो. काही जणांना ते आवडत नाही.

खासगी ट्रॅव्हल्सचं काय? दिवाळीत अन् आषाढीत भाडं कुठल्या कुठं जाते. मागं माझ्या ओळखीच्या एका घरच्या लेकीला दिवाळीत पुण्याहून यायला नेहमीच्या अडीचपट मागितले. गरज होती, दिले. शासनाचा २०१८ चा निर्णय आहे की खासगी गाडीला एसटीच्या त्याच अंतराच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. हे पुष्कळांना माहीत नाही. म्हणून खासगी तिकीट काढायच्या आधी एसटीचं त्या मार्गाचं भाडं विचारून ठेवा. आकडा माहीत असला की बोलता येते. आरटीओत तक्रारही करता येते. आवाज चढवायची गरज नाही, आकडा सांगितला की पुष्कळदा पुढचा माणूस खाली येतो.

आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात चांगली सोय मला वाटते ती चाळीस माणसांची. अलीकडे आषाढीला एसटी असं सांगते की एका गावातून चाळीस किंवा जास्त भाविकांनी मिळून मागणी केली तर गाडी गावातूनच थेट पंढरपूरला सोडू. अन् त्यात बायांची निम्मी, पंचाहत्तरीवाल्यांची फुकट, सगळी सवलत चालते. म्हणजे ज्यांना पायी येणं होत नाही अशा म्हाताऱ्या मंडळीला तालुक्याला जाऊन रांगेत उभं राहायला नको. घराच्या ओट्यावरून उतरायचं अन् गाडीत चढायचं. जिल्ह्यात वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा अशी आगारं आहेत, ज्याला जे जवळ त्यानं तिथं अर्ज द्यावा. एकट्या गावात चाळीस होत नसतील तर शेजारच्या गावाला विचारा. पूर्वी दोन गावांच्या दिंड्या एकत्र चालायच्याच की.

एक आणखी. ज्याचा पाहुणा नुसता पंढरपूर नाही, तुळजापूर, अक्कलकोट असं फिरणार आहे त्याच्यासाठी एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास आहे. चार दिवसांचा अन् सात दिवसांचा. १९८८ पासून आहे, तरी निम्म्या लोकांना ठाऊक नाही. तो सगळ्यांना परवडतो असं नाही. ज्या बाईला तसंही निम्मं तिकीट आहे तिनं आधी हिशेब करून पाहावा. पण चार दिवसांत तीन-चार गावं करणाऱ्या बाप्याला तो स्वस्त पडतो.

यंदाच्या कोठीच्या वहीत आपण एक नवीन पान घातलं आहे. डाव्या बाजूला दिंडीत पायी येणाऱ्यांची नावं, उजव्या बाजूला त्यांच्या येणाऱ्या पाहुण्यांची. पाहुण्याचं नाव, गाव, वय, बाई की बाप्या, सोबत लेकरं किती, अन् कोणत्या दिवशी परत जायचं. गुढीपाडव्यापर्यंत ज्यांची माहिती आली त्यांच्या तिकिटांचं पाहता येईल. उशिरा आलेल्यांना जे मिळेल ते. वय सांगताना बायांनी कमी सांगू नये, इथं जास्त वयाचा फायदा आहे. अन् आधार कार्ड जवळ ठेवा, जन्मतारीख त्याच्यावर पाहतात. ज्यांच्या कार्डावर नुसतं जन्माचं साल आहे त्यांनी पूर्ण तारीख आत्ताच दुरुस्त करून घ्यावी. ज्येष्ठाच्या आत घ्यावी, कारण मग सगळे पेरणीत असतात अन् सेतू केंद्रावर लाईट नसते.